मार्गे उत्तर ध्रुव

पुण्यात अंतर किलोमीटरमध्ये सांगायची पद्धत नाही. ते मिनिटांत सांगतात आणि बहुतेक वेळा ते दहा असतं. कोथरूडहून डेक्कन दहा मिनिटं, डेक्कनहून स्टेशन दहा मिनिटं, आणि फोनवर "निघालोच" म्हणणारा माणूस अजून गालाला दाढीचा फेस लावून उभा असला तरी दहाच मिनिटांवर असतो. अशा या दहा मिनिटांच्या गावातल्या कित्येक आईवडिलांना उतारवयात एका भलत्याच अंतराचा हिशेब मांडावा लागतोय. लेक सनीव्हेलला, जावयाची नोकरी माउंटन व्ह्यूला, नातू पाळणाघरात आणि आपण सहकारनगरात.

मोबाइलला विचारलं की तो पापणी लवायच्या आत सांगतो: मुंबई ते सॅन फ्रान्सिस्को, हवाई अंतर सुमारे १३,५०० किलोमीटर, थेट विमानाने सोळा-सतरा तास. माहिती अगदी खरी आहे. तिच्यात दोनच गोष्टी नसतात. मुंबईपर्यंत कसं जायचं, आणि तिकडे पोहोचल्यावर आपण कोणत्या वारी शुद्धीवर येणार.

आमच्या सोसायटीत निम्म्या घरांतली मुलं परदेशात आहेत. त्यामुळे संध्याकाळी कट्ट्यावर जी मंडळी जमतात त्यांचं भूगोलाचं ज्ञान वाखाणण्यासारखं आहे. या मंडळींचे अध्यक्ष म्हणजे पहिल्या मजल्यावरचे काका. पाटबंधारे खात्यातून निवृत्त झाल्यामुळे कोणतीही गोष्ट वरून खाली आणि कमीत कमी खर्चात कशी वाहते, यावर त्यांचा अधिकार आहे. लेकीने तिकिटं पाठवली त्या दिवशी त्यांनी कट्ट्यावर मूळ प्रश्न टाकला.

"अमेरिका कुठे आहे?"

"पश्चिमेला," सगळे म्हणाले.

"पण नकाशाच्या उजव्या कडेने गेलो तर पूर्वेलाही तीच आहे. मग विमानाने पूर्वेकडून जायचं की पश्चिमेकडून?"

दोन तट पडले. पश्चिमवाल्यांचं म्हणणं, कोलंबस पश्चिमेला गेला होता. पूर्ववाल्यांचं म्हणणं, तो निघाला होता इकडे यायला, तेव्हा त्याचं उदाहरण धरू नये. शेवटी तिसऱ्या मजल्यावरच्या सातवीतल्या मुलीने आपला पृथ्वीगोल आणि आजीच्या शिवणाच्या डब्यातला दोरा आणला. एक टोक मुंबईवर, दुसरं सॅन फ्रान्सिस्कोवर आणि दोरा ताणला. तो ना पूर्वेला गेला, ना पश्चिमेला. मुंबईहून जो निघाला तो जवळजवळ नाकासमोर उत्तरेला. चीन ओलांडून, सायबेरिया ओलांडून, आर्क्टिकच्या बर्फावरून पलीकडे उतरला आणि अलास्काच्या अंगाने खाली कॅलिफोर्नियात आला.

कट्ट्यावर शांतता पसरली. काकूंनी विचारलं, "म्हणजे कानटोपी वरच्याच बॅगेत ठेवू का?"

घोळ सगळा नकाशाचा आहे. भिंतीवर ज्या धर्तीचा नकाशा आपण शाळेपासून पाहतो, तो मर्केटरने १५६९ साली काढला आणि तो खलाशांच्या सोयीसाठी. दिशा धरून गलबत हाकायला तो उत्तम. पण गोल पृथ्वी सपाट कागदावर बसवायची तर कुठेतरी ओढाताण होणारच, ती त्याने ध्रुवांच्या बाजूला ढकलली. म्हणून त्या नकाशावर ग्रीनलँड आफ्रिकेएवढं दिसतं. प्रत्यक्षात आफ्रिकेत चौदा ग्रीनलँड मावतात. त्याच नकाशावर विमानाचा सरळ मार्ग मोठ्या कमानीसारखा दिसतो आणि विमानातल्या पडद्यावर ती कमान पाहून आपल्याकडचा माणूस शेजाऱ्याला हळूच सांगतो, "मीटर फिरवतायत."

पण खरी गंमत वाटेत उतरून जाणाऱ्यांची. मुंबई ते सॅन फ्रान्सिस्को थेट सेवा सुरू झाली डिसेंबर २०२२ मध्ये. लांब पल्ल्याच्या अशा थेट सेवा कधी सुरू होतात, कधी आटतात, आणि त्यांचं तिकीट पाहून आईवडील "आम्हाला काय घाई आहे?" असं म्हणतात. मग तिकीट निघतं कुठूनतरी वळसा घेऊन. समजा दुबईमार्गे निघालं. मुंबई ते दुबई १,९०० किलोमीटरच्या वर. तीन तास उडालो, एक जेवण झालं, अर्धा सिनेमा पाहून झाला. आता सॅन फ्रान्सिस्को किती राहिलं? सुमारे १३,००० किलोमीटर. म्हणजे १,९०० चाललो आणि जवळ आलो पाचशे. कारण दुबई आणि सॅन फ्रान्सिस्को पृथ्वीच्या जवळपास समोरासमोरच्या रेखांशांवर आहेत, त्यामुळे तिथून सर्वांत जवळची वाट सरळ ध्रुवावरून जाते.

सिंगापूरमार्गे जाणाऱ्यांचं तर बोलायलाच नको. मुंबई ते सिंगापूर ३,९०० किलोमीटर. पाच-साडेपाच तास उडून तिथे उतरलात की सॅन फ्रान्सिस्को मुंबईहून जेवढं लांब होतं तेवढंच असतं. अगदी मोजायला बसलं तर अंमळ जास्तच. एवढा प्रवास करून माणूस घरी होता त्याहून लांब जाऊ शकतो, हे काकांना पटेना. त्यांनी दोऱ्याने तीनदा मोजलं. चौथ्यांदा म्हणाले, "खात्यात असताना असे कालवे पाहिलेत मी."

तेव्हा अंतराचा एक आकडा झाला. आता वेळ. मोबाइलवाला वेळ काढतो तो भागाकाराने. विमानाचा वेग ताशी ९०० किलोमीटर धरायचा, अंतराला भागायचं, चढउतरणीचा वेळ मिळवायचा, झालं. पण दहा-बारा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे वाऱ्याचा जो झोत वाहत असतो, त्याने भागाकार कधी शिकलेला नाही. हिवाळ्यात तो ताशी तीनशे किलोमीटरच्याही वर जातो. पाठीशी असला तर विमान पळतं, समोरून आला तर तेच विमान तेवढंच इंधन जाळून रखडतं. म्हणून ऑक्टोबर २०१६ मध्ये एअर इंडियाने दिल्ली–सॅन फ्रान्सिस्को विमानाचा रस्ताच बदलला. आधी ते अटलांटिकवरून जायचं, सुमारे १३,९०० किलोमीटर. ते पॅसिफिकवरून नेलं, सुमारे १५,३०० किलोमीटर. चौदाशे किलोमीटर जास्त, आणि पोहोचलं साडेचौदा तासांत, म्हणजे आधीपेक्षा लवकर. लांबचा रस्ता जवळचा ठरला.

येताना हाच वारा समोर उभा राहतो, म्हणून परतीच्या वाटेची मांडणी वेगळी. जानेवारी २०२१ मध्ये कॅप्टन झोया अग्रवाल यांनी सगळ्या महिला वैमानिकांच्या चमूसह सॅन फ्रान्सिस्कोहून बंगळूरला थेट विमान आणलं, ते उत्तर ध्रुवाच्या बाजूने. ध्रुवावरून उडायचं म्हणजे नुसतं धाडस पुरत नाही. बाहेरची थंडी अशी की टाकीतलं इंधन गोठणार तर नाही ना, यावर वैमानिकाला डोळा ठेवावा लागतो. नेहमीचं जेट इंधन उणे चाळीस-सत्तेचाळीस अंशांच्या आसपास हट्ट धरायला लागतं. त्या भागातून जाणाऱ्या अमेरिकन विमान कंपन्यांना थंडीपासून वाचवणारे खास पोशाख विमानात ठेवावे लागतात. किती? किमान दोन. प्रवासी दोनशेच्या वर आणि पोशाख दोन. हे ऐकल्यावर काकूंनी कानटोपीबरोबर शालही वरच्या बॅगेत हलवली.

त्यातून देशांची भांडणं वेगळीच. आकाशाला कुंपण नसतं हे कवींनी ठरवलं. वैमानिकाला ते दर मैलाला दिसतं. एप्रिल २०२५ पासून पाकिस्तानने आपलं आकाश भारतीय विमानांना बंद केलं, आपणही त्यांच्या विमानांना केलं. दिल्लीहून पश्चिमेला जाणारी विमानं मग खाली गुजरातच्या अंगाने अरबी समुद्रावर येऊन वळसा घेऊ लागली. भूगोल तोच, दोरा तोच, पण मध्येच कोणीतरी बोट ठेवलं की दोरा वाकडा.

काकांना यातलं सगळं समजलं, एक सोडून. "ॲव्हरेज किती देतं?" त्यांना सांगितलं की इथे लिटरला किती किलोमीटर असं विचारायचं नसतं, किलोमीटरला किती लिटर असं विचारायचं असतं. त्यानंतर त्यांनी विमानाबद्दल काहीही विचारणं सोडून दिलं. स्कूटरवर इतकी वर्षं काढलेल्या माणसाला काही गोष्टी सोसत नाहीत.

आता जमिनीवर या. कारण अंतराची खरी गोष्ट इथेच सुरू होते.

लोहगावच्या विमानतळावरून अमेरिकेला थेट विमान नाही आणि पुरंदरचं विमानतळ वर्षानुवर्षं वर्तमानपत्रातूनच उड्डाण करतंय. म्हणजे आधी मुंबई. पुण्यापासून सहारचं विमानतळ दीडशे किलोमीटरच्या आसपास, त्यातला द्रुतगती मार्ग ९४.५ किलोमीटरचा. रस्त्याच्या नावातच द्रुतगती आहे. तरीही पुण्यातला अनुभवी माणूस पहाटे दोनच्या विमानासाठी घरून कधी निघतो? दुपारी दोनला. हा हिशेब असा: विमानतळावर तीन तास आधी हजर पाहिजे, म्हणजे रात्री अकरा. रस्ता चार तासांचा, म्हणजे सात. घाटात काही झालं तर दोन तास, म्हणजे पाच. काही झालं नाही तरी घाट म्हणून एक तास, म्हणजे चार. सायन-पनवेलला पाऊस असेल तर एक तास, आणि नोव्हेंबर असला तरी पाऊस धरायचाच. राहिला एक तास तो काकूंच्या मनाच्या शांतीसाठी.

घाटाचं सांगायचं तर अमृतांजन पुलाजवळ गाड्या अडकायच्या, तो ब्रिटिशकालीन पूल एप्रिल २०२० मध्ये पाडला. पूल गेला. गाड्या अजून तिथेच अडकतात. सवय कुठे लगेच सुटते? त्या उतारावर, ट्रकच्या मागे 'हॉर्न ओके प्लीज' वाचत, गाडीच्या टपावर चार बॅगा बांधून बसलेला माणूस मनात जे गणित करतो ते जगातल्या कोणत्याही विमान कंपनीला ठाऊक नाही. त्याला ध्रुव जवळ वाटतो आणि खालापूरचा टोलनाका लांब.

त्यात तारखेचा घोळ. तिकिटावर लिहिलेलं असतं १५ तारीख, पहाटे दोन. आता पंधरा तारखेला पहाटे दोन म्हणजे चौदा तारखेच्या जेवणानंतर. हे सांगायला सोपं आहे. पण प्रत्येक सोसायटीत एक तरी घर असं असतं जे पंधरा तारखेला रात्री थाटात विमानतळावर पोहोचलं आणि कळलं की विमान काल रात्रीच गेलं. म्हणून आता मुलं तिकडून फोनवर बजावतात: "आई, चौदा तारखेला रात्रीचं जेवण रस्त्यात. चौदा. लिहून ठेव." आणि आई कॅलेंडरवर चौदाच्या चौकोनात 'जाणे' आणि पंधराच्या चौकोनात 'गेलो' असं लिहून ठेवते.

बॅगांचा अंतराशी काय संबंध असं कोणी विचारेल. फार जवळचा आहे. प्रत्येकी दोन बॅगा, प्रत्येक बॅग २३ किलो. अंतर जितकं जास्त तितकं मेतकूट जास्त, हा नियम आहे. हडपसरच्या भावाकडे जाताना रिकाम्या हाताने जाणारी माणसं कॅलिफोर्नियाला जाताना भाजणी, गोडा मसाला, कुरडया, सांडगी मिरच्या, लसणाची चटणी आणि कुणाच्या तरी लेकीसाठी दिलेले डिंकाचे लाडू घेऊन जातात. लेक परोपरीने सांगते, "आई, इथे सगळं मिळतं." आईला ते मान्य आहे. ती म्हणते, "मिळत असेल. पण ते तिथलं."

मग आठवडाभर हॉलमध्ये बॅगा उघड्या. काका हाताने उचलायच्या वजनकाट्याला बॅग लटकवतात, दोन्ही हातांनी वर ओढतात, मान तिरकी करून आकडा वाचतात आणि बॅग पायावर सोडतात. २३.८. लाडू बाहेर. २२.९. शंभर ग्रॅमची जागा आहे म्हटल्यावर काकू हिंगाची डबी खुपसतात. २३.०५. यावर काकांचं मत असं की पन्नास ग्रॅम काउंटरवरची मुलगी सोडते. काकूंचं मत असं की पन्नास ग्रॅम सोडणारी मुलगी आपल्या रांगेला कधीच नसते. हिंग काकांच्या कोटाच्या खिशात जातो आणि मुंबई ते आर्क्टिक सगळं विमान आमटीच्या आठवणीने व्याकूळ होतं.

विमानतळावर पोहोचल्यावर आणखी एक चमत्कार. रोज सकाळी पर्वती चढणारे, वर जाऊन सूर्यनमस्कार घालणारे काका व्हीलचेअरवर बसतात. पायांना काही झालेलं नसतं. मुलीने तिकीट काढतानाच मागून ठेवलेली असते, कारण व्हीलचेअरबरोबर ढकलणारा माणूस येतो आणि त्या माणसाला कोणत्या दारातून कुठे जायचं हे माहीत असतं. काकांना सुरुवातीला लाज वाटते. सुरक्षा तपासणीची लांबलचक रांग बाजूने मागे पडू लागली की लाज हळूहळू कमी होते, आणि गेटपाशी पोहोचेपर्यंत चेहऱ्यावर पेशव्यांच्या पालखीचा भाव आलेला असतो.

विमानात बसल्यावर मात्र सांगण्यासारखं फार काही घडत नाही. जेवण सगळ्यांआधी मिळावं म्हणून लेकीने 'एशियन व्हेज' नोंदवलेलं असतं. 'हिंदू मील' हे नाव वाचून भुललेला शेजारचा शाकाहारी गृहस्थ पुढे आलेल्या कोंबडीकडे बघत बसलेला असतो. समोरच्या पडद्यावर सिनेमे शेकड्याने असतात, पण आपली वयस्क मंडळी पाहतात ती एकच गोष्ट: नकाशा. त्यात एक इवलंसं विमान, खाली आकडे. बाहेरचं तापमान उणे ५५. उंची ११,००० मीटर. वेग ९१०. मुक्कामाला उरलेला वेळ ११ तास ४० मिनिटं. काका डोळे मिटतात, एक झोप काढतात, घोरतात, दचकून उठतात, पाहतात: ११ तास ३१ मिनिटं. खाली कुठल्या कुठल्या गावांची नावं येतात. उरुमची. याकुत्स्क. काकूंना प्रश्न पडतो की इथे माणसं राहतात का, आणि राहत असतील तर त्यांची मुलं कुठे गेली असतील.

उतरल्यावर वेळेचं गणित नव्याने मांडावं लागतं. भारत आणि कॅलिफोर्निया यांच्यात उन्हाळ्यात साडेबारा तासांचं अंतर आणि हिवाळ्यात साडेतेरा. कारण तिकडे मार्चच्या दुसऱ्या रविवारी घड्याळं तासभर पुढे ढकलतात आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी मागे आणतात. उन्हाळ्यात गेलात तर काट्याच्या घड्याळाला फारसा हात लावावा लागत नाही. अर्धा तास मागे करायचा, आणि दिवस असेल तिथे रात्र समजायची. हे कळल्यावर काकांना फार बरं वाटलं. म्हणाले, "म्हणजे बदल फक्त अर्ध्या तासाचा."

गुरुवारी पहाटे दोनला मुंबईहून उडालेलं विमान सतरा तासांनी तिकडे उतरतं ते गुरुवारीच, सकाळी साडेसहाला. तिथल्या घड्याळाच्या हिशेबाने अमेरिका साडेचार तासांवर आहे; घाट लागला तर पुण्याहून मुंबईला लागतात त्याहून कमी. पण हे उसने घेतलेले तास असतात आणि परत येताना एकरकमी फेडावे लागतात. तिकडून गुरुवारी रात्री नऊला निघालेला माणूस सतरा तासांनी मुंबईत उतरतो तो शनिवारी पहाटे अडीचला. शुक्रवार त्याने जमिनीवर पाहिलेलाच नसतो. मॅगेलनची सफर १५२२ साली पृथ्वीप्रदक्षिणा करून परतताना केप व्हर्डेला थांबली, तेव्हा जहाजावरच्या रोजनिशीत बुधवार होता आणि किनाऱ्यावर गुरुवार. ती माणसं चक्रावून गेली. आपल्याकडच्या माणसाला एवढंच विचारायचं असतं की गेलेल्या शुक्रवारची दाढीसुद्धा गेली का.

संकष्टीचं तर महत्त्वाचं आहे. उपास सुटतो चंद्रोदयाला आणि चंद्रोदय ज्या त्या गावाचा वेगळा. पुण्याहून नेलेल्या कॅलेंडरवरची वेळ सनीव्हेलला चालत नाही. तिथी सगळ्या जगाला एकाच क्षणी लागते, त्यामुळे पुण्यात जी चतुर्थी मंगळवारी असते ती तिकडे बऱ्याचदा सोमवारीच गाठते. काकूंनी पहिल्याच महिन्यात दोन्ही दिवस उपास केला. "एक तिथला, एक आपला," असं त्यांचं स्पष्टीकरण. साबुदाणा पुण्याहून नेलेला होताच, त्यामुळे अडचण अशी काही आली नाही.

आणि मग येतो झोपेचा प्रश्न. डॉक्टर सांगतात, नव्या वेळेला शरीर साधारण दिवसाला एक तास या वेगाने रुळतं. साडेबारा तासांचा फरक म्हणजे बारा-तेरा दिवस. काकांनी पाटबंधारे खात्याच्या सवयीने लगेच हिशेब केला: साडेतेरा हजार किलोमीटर, साडेबारा दिवस, दिवसाचे चोवीस तास, म्हणजे ताशी पंचेचाळीस किलोमीटर. हा तर एस.टी.चा वेग. माणूस पुढे विमानाने येतो आणि त्याची झोप मागून लाल एस.टी.ने येत असते. पहिल्या आठवड्यात रात्री अडीच वाजता सनीव्हेलच्या स्वयंपाकघरात दिवा लागतो, काका-काकू चहा टाकून खारी बुडवत बसतात आणि खिडकीतून दिसणाऱ्या निर्मनुष्य रस्त्याकडे पाहून म्हणतात, "आता आली असेल चीनपर्यंत."

पूर्वीच्या लोकांचं असं नव्हतं. आनंदीबाई जोशी एप्रिल १८८३ मध्ये कलकत्त्याहून बोटीने निघाल्या आणि जूनमध्ये न्यूयॉर्कला उतरल्या. त्यांच्या प्रवासात हाल अनेक होते, पण रोज घड्याळ थोडं थोडं सरकवत गेल्यामुळे झोप मात्र त्यांच्याच बोटीत होती. जून १९४८ मध्ये एअर इंडियाचं पहिलं परदेशी विमान मुंबईहून कैरो, जिनिव्हा करत लंडनला गेलं. १९६० मध्ये मुंबईहून न्यूयॉर्कला जेट विमान जाऊ लागलं. दर पिढीला आकाशातला वेळ घटत गेला. दोन महिन्यांचे दोन दिवस झाले, दोन दिवसांचे सतरा तास झाले. आणि तो घटलेला वेळ वाया गेला असं समजू नका. तो उतरवून जमिनीवर ठेवला.

काकांनी परत आल्यावर कट्ट्यावर हा हिशेब वहीत मांडूनच दाखवला. घरातून निघून लेकीच्या दारात पोहोचेपर्यंत एकूण बत्तीस तास. त्यातले सतरा विमानात आणि पंधरा जमिनीवर. विमानातल्या सतरा तासांत अर्धी पृथ्वी ओलांडली. जमिनीवरच्या पंधरा तासांत पुणे ते मुंबई दीडशे आणि विमानतळ ते सनीव्हेल पंचेचाळीस, असे सगळे मिळून दोनशे किलोमीटरही झाले नाहीत. ताशी तेरा. "तेराने तर मी रोज सायकलवर ऑफिसला जात होतो," काका म्हणाले, "आणि वाटेत मंडईत थांबून भाजी घेऊन." बाकीच्यांनी माना डोलावल्या. तिसऱ्या मजल्यावरच्या मुलीने विचारलं की मग मोबाइल सोळा-सतरा तास का सांगतो. काका म्हणाले, "कारण मोबाइलला बॅगा नसतात."

यातून मला एवढं कळलं की अंतर म्हणजे जिथे आपल्याला ताटकळत उभं राहावं लागतं ते. बाकीचे किलोमीटर कोणी हिशेबात धरतच नाही. त्याचा पुरावा हवा असेल तर परदेशाहून आलेल्या कोणालाही भेटायला जा आणि "प्रवास कसा झाला?" एवढंच विचारा. काकांकडे सगळी सोसायटी गेली होती. लेकीने पाठवलेलं बदामाचं पाकीट फुटलं, चहा झाला. काकांनी सांगायला सुरुवात केली ती येताना मुंबईहून गाडी कशी उशिरा आली, ड्रायव्हरने खोपोलीला जेवायला कशी थांबवली, खंडाळ्याच्या घाटात कंटेनर कसा आडवा झाला होता, मागे कुठे कुठे गाड्या तुंबल्या होत्या, शेजारच्या गाडीतल्या कुटुंबाने कशी शेव दिली आणि ते कुटुंब कसं नेमकं काकूंच्या मावसबहिणीच्या ओळखीतलं निघालं. पाऊण तास घाटच चालला होता.

शेवटी कोणीतरी आठवण केली, "काका, ते उत्तर ध्रुवाचं सांगा ना. वरून कसं दिसलं?"

काकांनी जरा आठवून पाहिलं. मग म्हणाले, "तिथे काय, रस्ता मोकळा होता."